कुलूप आपलं, किल्ली कोणाची?

लक्षात ठेवण्यासाठी परमेश्वराने माणसाला डोके दिले. त्या डोक्याचा भरवसा नाही हे ध्यानात आल्यावर त्याने माणसाला भिंत दिली. आमच्या अनसिंगच्या जुन्या घरी स्वैपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांची एक रांग असे. उभी रेघ म्हणजे दूध आले, फुली म्हणजे गवळी आला नाही, आणि अर्धी रेघ म्हणजे दूध आले पण त्यात विहिरीचा वाटा जास्त होता. महिनाअखेरीला आई आणि गवळी त्या भिंतीसमोर उभे राहत आणि थोड्याफार वादानंतर दोघांचे एकमत होई. कारण एकच. त्या रेघा दोघांनाही वाचता येत. दिवाळीला घर पोतारले की हिशेब साफ. त्याआधी पैसे चुकते करायचे, एवढाच काय तो नियम.

पदराला गाठ मारण्याची पद्धत याहून सुरक्षित होती. गाठ कशासाठी मारली हे बघणाऱ्याला कळण्याची सोय नव्हतीच, पण संध्याकाळपर्यंत ते मारणाऱ्या बाईलाही कळेनासे होई. इतकी गुप्तता आजवर कोणत्याही कंपनीला साधलेली नाही. पुढे १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघाले आणि मराठी घराला खिळ्यावर टांगलेली वही मिळाली. चौकोनात वर संकष्टी, खाली ‘दूध २’, ‘गॅस लावला’, ‘धाकट्याचे इंजेक्शन’. वर्ष संपले की ती पाने मुलांच्या पुस्तकांना कव्हर म्हणून चढत, आणि भूगोलाचे पुस्तक हाती घेतले की मागच्या वर्षी गॅस कधी संपला होता हेही समजे.

खुणांचेही तसेच. आजोबांच्या पोथीत एक मोरपीस, बेलाची दोन वाळकी पाने आणि वाशीम-अनसिंग असे एस.टी.चे एक तिकीट होते. मोरपीस शोभेसाठी, बेल पुण्यासाठी, तिकीट मात्र कामाचे. आजोबा गेल्यावर पोथी आमच्याकडे आली तेव्हा त्यांचे वाचन कुठवर झाले होते हे त्या तिकिटाने सांगितले. टिपणाचे आणि खुणेचे खरे काम एवढेच असते. ठेवणारा नसला, तरी जागा सापडली पाहिजे.

हे पुराण लावायचे कारण म्हणजे सध्या आमच्या घरात एक शोधमोहीम चालू आहे. टिपणे लिहायला आणि वाचलेल्या गोष्टींच्या खुणा ठेवायला मोबाइलमध्ये कोणते ॲप घ्यावे, असा प्रश्न आहे. आजवर मी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर निरोप पाठवून भागवीत होतो. माझ्या एकट्याचा एक ग्रुप आहे. त्यात मीच अध्यक्ष, मीच सभासद. शांतताप्रिय ग्रुप, सकाळी सुप्रभातसुद्धा कोणी म्हणत नाही. परंतु त्यात तुरीचा भाव, गुडघ्याच्या गोळीचे नाव, एका चांगल्या लेखाचा पत्ता आणि सातबाऱ्याचा फोटो असे सगळे एकाच पोत्यात भरल्यासारखे झाले आणि काही सापडेनासे झाले.

पुतणी पुण्याला संगणकाचे शिकते. ती दिवाळीला आली आणि माझा ग्रुप पाहून म्हणाली, “काका, हे काय आहे? याला टिपणं म्हणतात का?” दोन दिवसांत तिने माझ्यापुढे दहा-बारा ॲपे मांडली. ती बघताना मला मुलीसाठी स्थळे पाहण्याचे दिवस आठवले. प्रत्येक जण देखणा, प्रत्येक जण सद्गुणी, आणि ‘आम्हाला काही नको’ हे प्रत्येकाचे पहिले वाक्य. आमच्याकडे अशा वेळी घरातले एक वडीलधारे माणूस सुपारी कातरता कातरता हळूच विचारते, “ते सगळं ठीक आहे, पण घर कोणाच्या नावावर आहे?” पुतणीने नेमके तेच विचारायला शिकवले. ॲप फुकट आहे, रंगीत आहे, बोललेले उतरवून घेते, हे सगळे ठीक. पण ॲपवाल्याने उद्या दुकान बंद केले तर माझे लिहिलेले मला परत मिळेल का, आणि मिळाले तर वाचता येईल का?

“कायले एवढं पाहून राह्यले भाऊजी?” वहिनी मधेच म्हणाल्या. “एक वही घ्या ना बाप्पा, दोनशे पानी.”

वहीवर माझा राग नाही. पण आमच्या गावच्या उधईचा तिच्यावर फार लोभ आहे, हे पुढे सांगतोच. शिवाय असा पेच पडला की मी इतिहासाकडे वळतो. इतिहासातून निर्णय मिळतोच असे नाही, पण निर्णय पुढे ढकलायला सन्मान्य कारण मिळते.

अनसिंगहून एस.टी.त बसले की तासाभरात वाशीम येते. हे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथे १९३९ साली ताम्रपट सापडले. चौथ्या शतकातल्या विंध्यशक्ती दुसरा या राजाने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी ब्राह्मणांना एक गाव दान दिले, त्याची ती नोंद. काही भाग संस्कृतात, काही प्राकृतात. म्हणजे सरकारी कागद दोन भाषांत काढण्याची पद्धत आपल्याकडे बरीच जुनी आहे. वाकाटकांच्या अक्षरांना डोक्यावर छोटी चौकट असते. बाजाराला निघालेल्या बायांनी डोक्यावर पेट्या घ्याव्यात तशी ती अक्षरे दिसतात. राजा गेला, राज्य गेले, दान मिळालेले गाव कोणत्या पिकाखाली असेल कोण जाणे. नोंद मात्र दीड हजारांहून अधिक वर्षांनी वाचता आली. तिला चालवायला यंत्र लागत नव्हते, परवाना लागत नव्हता. जुन्या ब्राह्मी लिपीचा उलगडा १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने केलाच होता, आणि तो छापून सगळ्यांना मोकळा केला होता. प्रिन्सेपने ती किल्ली कनवटीला लावून ठेवली असती, तर आमच्या वाशीमच्या राजाला आज मोडीच्या भावात कोणीतरी तांबटाकडे नेले असते.

आता दुसरी गोष्ट. ही विदर्भातलीच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरची. पुतणीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “काका, हे तर आमच्या अभ्यासक्रमात पाहिजे.” तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांच्या आठवणी विरून जाऊ नयेत म्हणून म्हाइंभट नावाचे विद्वान गृहस्थ उठले. नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, त्यांच्या पाठीशी होते. म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्याने स्वामींना पाहिले त्याला गाठायचे, काय पाहिले ते विचारायचे, ऐकलेले पडताळायचे आणि मगच लिहायचे. पंडिताने संस्कृत बाजूला ठेवून लोकांच्या मराठीत लिहायचे, हेही त्या काळात साधे नव्हते. सुमारे १२७८ च्या आसपास त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून आपण तो परीक्षेपुरता ओळखतो. खरे तर ती महाराष्ट्रातली सर्वांत चिकाटीने लिहिलेली टिपणवही आहे. स्वामी कोणाशी काय बोलले, कुठे बसले, काय जेवले, सगळे त्यात आहे.

पुढे जे झाले ते टिपणे लिहिणाऱ्या प्रत्येकाने कान धरून ऐकावे असे आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, असे पंथाची परंपरा सांगते. एक प्रत होती, ती गेली. मग आठवणाऱ्यांनी आठवून आठवून ग्रंथ पुन्हा उभा केला. हिराइसा नावाच्या बाईला तो मुखोद्गत होता म्हणतात. ज्यांना जसे आठवले तसे पाठ झाले, आणि कोणाचा पाठ कसा हेही पुढच्या लेखकांनी नोंदवून ठेवले. पुतणीच्या भाषेत याला ‘बॅकअप’ म्हणतात. आमच्याकडे तो एका बाईच्या डोक्यात होता, आणि तिच्या चार्जिंगला कण्या-भाकरीपलीकडे काही लागत नव्हते.

इतके सोसून वाचलेला ग्रंथ. मग त्याला कुलूप लागले. पवित्र वचने भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून महानुभावांनी सांकेतिक लिप्या तयार केल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी आणि आणखी कितीतरी. सकळ लिपीची युक्ती साधी. अक्षराच्या जागी ठरवून दुसरेच अक्षर किंवा चिन्ह लिहायचे. ज्याला तक्ता ठाऊक, तो वाचणार. कुलूप लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. कुलूप लावणाऱ्याचा हेतू नेहमी चांगलाच असतो. कुलपाचा एक फायदाही झाला. ग्रंथ मठांतून जपले गेले, पंथाच्या शिष्यांबरोबर पंजाबात आणि तिथून पेशावर-काबूलपर्यंत मराठी पोथ्या पोहोचल्या. काबूलला मराठी पोथी, ही आमच्या बॅकअपची त्या काळची हद्द.

पण तोटा केवढा झाला पाहा. बाहेरच्या महाराष्ट्राला या ग्रंथांत काय आहे तेच कळेना, आणि न कळलेल्या गोष्टीबद्दल माणूस कधी चांगले बोलतो का? पंथाबद्दल नाही नाही ते समज पसरले. त्याला उत्तर देणारे पुरावे पोथीतच होते, आणि पोथी कुलपात. ज्ञानेश्वरीच्या आधीचे मराठी गद्य शेकडो वर्षे मराठी माणसाला वाचता येऊ नये, हा त्या कुलपाचा हिशेब. अखेर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंथातल्याच महंतांनी मन मोठे करून किल्ली दिली. राजवाडे, भावे, आमच्या विदर्भातले य. खु. देशपांडे, ह. ना. नेने अशा मंडळींनी एकेक ग्रंथ उजेडात आणला. १९७८ साली डॉ. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ निघाले. आणि आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. किल्ली दिल्याने महंतांचे काही गेले नाही. त्यांच्या ग्रंथांना वाचक मिळाले, एवढेच झाले.

मोडीची कथा याच्या उलट. तिला कोणी कुलूप लावले नाही. ती सर्वांची लिपी होती. पाटील, कुलकर्णी, सावकार, सरदार सगळे तीत लिहीत. हात न उचलता भरभर लिहिता यावे ही तिची सोय. आपल्या आजोबांची अक्षरे मोत्यासारखी होती असे आपण सांगतो, ते बहुधा बाळबोधीत. मोडीत ती पावसाच्या सरीसारखी असत. शाळेतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत कोट्यवधी कागद मुके झाले. पुण्याचे पेशवे दफ्तर तर सोडाच, वऱ्हाडात कोणाच्याही माळ्यावर एक तरी मोडी दस्तऐवज निघतो आणि तो आपल्याला किती एकर मिळवून देणार या आशेने माणूस वाचणाऱ्याला शोधत फिरतो. वाचून झाल्यावर बहुधा कळते की आजोबांनी कोणाकडून तरी वीस रुपये उसने घेतले होते. तरीही मोडी शिकता येते, तिच्या तक्त्याची पुस्तके मिळतात, हे तिचे मोठेपण. कुलूप नाही, फक्त गंज आहे. गंजाला तेल चालते.

आता माझ्या घरचे. आमच्या आत्याबाई जात्यावर ओव्या म्हणत. त्यांना लिहिता येत नव्हते, पण ओव्यांना अंत नव्हता. माहेरच्या, भावाच्या, पावसाच्या, अनसिंगच्या बाजाराच्या. मी समोर बसून दोन वह्या भरून उतरवून घेतल्या. २००१ साली जिल्ह्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडून त्या संगणकावर टाइप करून घेतल्या आणि फ्लॉपी घेऊन आलो. पुढे आत्याबाई गेल्या. त्यानंतर एका पावसाळ्यात उधईने त्या दोन वह्या कव्हरासकट वाचून संपवल्या. काळजी वाटली नाही, कारण फ्लॉपीवरची फाइल मुलाने मधल्या काळात नव्या संगणकावर घेतली होती. ती उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि मधूनच उद्गारचिन्हे. आत्याबाई जात्यावर बसून शिव्या देत आहेत असे वाटले.

यात भुताटकी काही नव्हती. युनिकोड नावाची व्यवस्था १९९१ सालीच आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा होती. पण ती गावोगावच्या संगणकांत रुजेपर्यंत बरीच वर्षे गेली. तोवर मराठी फाँटवाल्यांनी एक शक्कल चालवली होती. संगणकाला सांगायचे हे इंग्रजी अक्षर आहे, आणि त्या अक्षरावर चित्र मात्र मराठीचे काढायचे. प्रत्येक कंपनीची चित्रे वेगळ्या जागी. म्हणजे एकाच्या ‘क’ची किल्ली दुसऱ्याच्या ‘क’ला लागत नाही. तो फाँट संगणकात असेपर्यंत मराठी. फाँट गेला की सकळ लिपी! महानुभावांनी निदान विचार करून कुलूप लावले होते. आपण महाराष्ट्रभर विवाहपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कवितासंग्रह आणि पीएच.डी.चे प्रबंध अशा कुलपांत ठेवले, आणि कुलूप लावल्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. मी डीटीपीवाल्याकडे गेलो. तिथे आता मोबाइलची काचकव्हरे विकतात. “तो फाँट नाही आता साहेब,” तो म्हणाला, “ते मशीनच भंगारात देलं.”

खुणांचा इतिहास याहून धावपळीचा. वेबपानांची खूण ठेवण्याची सोय १९९३ च्या मोझेक ब्राउझरात ‘हॉटलिस्ट’ या नावाने होती. नेटस्केपने त्यालाच बुकमार्क म्हटले. मग २००३ साली डिलिशस नावाची साइट निघाली. आपल्या खुणा तिथे ठेवायच्या आणि चारचौघांनाही दाखवायच्या. २००५ साली ती याहूने विकत घेतली, मग तिची विक्री-फेरविक्री होत होत २०१७ साली ती अशा अवस्थेला आली की जुने पाहा, नवे ठेवू नका. गूगलने २००६ साली एक नोटबुक काढले आणि २०१२ साली मिटले. एव्हरनोटची निशाणी हत्ती. हत्ती काही विसरत नाही म्हणून. २०२३ च्या अखेरीस त्या हत्तीने जाहीर केले की फुकटच्या खातेदाराला पन्नासच टिपणे. हत्ती विसरला नाही, फक्त मोजायला लागला. आणि सर्वांत ताजे म्हणजे पॉकेट. २००७ सालापासून लोक त्यात ‘नंतर वाचू’ म्हणून लेख ठेवीत. २०१७ साली ते मोझिलाने घेतले आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद केले. लाखो लोकांचे ‘नंतर वाचू’ एका दिवसात ‘आता काय वाचू’ झाले.

यात कोणाचे पाप आहे असे मी म्हणत नाही. दुकान चालेना तर बंद करणारच. आमच्या गावातही कितीतरी दुकाने बंद झाली. फरक इतकाच की किराणा दुकान बंद झाले तर आपल्या डब्यातली साखर दुकानदाराबरोबर जात नाही.

या सर्वांवर उतारा म्हणून पुतणी ‘ओपन सोर्स’ म्हणत होती. मी तिला म्हटले, “मराठीत सांग.” ती म्हणाली, “काका, काकूंच्या हातची पाटवडी आणि हॉटेलची पाटवडी. हॉटेलवाला कृती सांगत नाही. काकू सांगतात. काकूंनी उद्या करायची सोडली तरी कृती आहे. कोणीही करील, मीठ कमी-जास्त करील.” ॲपची कृती, म्हणजे त्याचा सोर्स कोड, सर्वांना खुला, कोणीही पाहावा, सुधारावा, पुढे द्यावा. या चळवळीचा उगम शोधू गेलो तर तो एका अडकलेल्या कागदाशी लागला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये एका छपाईयंत्रात कागद सारखा अडके. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणाला त्याच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करायची होती, पण कृती देण्यास नकार मिळाला. १९८३ साली त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आपल्याकडे सरकारी कचेरीत कागद अडकला तर माणूस चहा प्यायला जातो. तिकडे चळवळ निघते. ‘ओपन सोर्स’ हे नाव मात्र १९९८ चे.

मग आम्ही ॲपे पाहिली. टिपणांसाठी जॉप्लिन. नाव स्कॉट जॉप्लिन या पियानोवादकावरून. टिपणे आधी आपल्या यंत्रात राहतात, नेट नसले तरी चालते. आमच्या गावी वीज आणि नेट यांचे सासू-सुनेसारखे असल्यामुळे ही मोठीच गोष्ट. दोन यंत्रांत मेळ घालायचा तर मधल्याला वाचता येऊ नये अशी कुलूपबंद सोय आहे. इथे मात्र किल्ली माझ्याकडे. लॉगसेक नावाचे दुसरे आहे, ते टिपणांचे धागे एकमेकांना जोडते. मला ते आवडले, पण माझ्या डोक्यात आधीच एवढा गुंता आहे की आणखी धागे परवडणार नाहीत. ऑब्सिडियन फार देखणे. पुतणीच्या मैत्रिणी तेच वापरतात. त्याची कृती खुली नाही, पण लिहिलेले साध्या फाइलीत राहते आणि ती फाइल आपल्याच यंत्रात. म्हणजे आचारी कृती सांगत नाही, पण डबा आपल्या घरचा आहे. हाही एक मध्यममार्ग.

खुणांसाठी वॉलाबॅग पाहिले. २०१३ साली एका फ्रेंच माणसाने ते ‘पोश’ या नावाने काढले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ खिसा. पॉकेटवाल्यांनी नावाला हरकत घेतली म्हणून त्याने नाव बदलून पोटाला पिशवी असलेल्या वॉलबी या कांगारूच्या चुलतभावाचे घेतले. आज पॉकेट बंद आहे आणि कांगारू उड्या मारतो आहे. लिंकडिंग नावाचे आणखी एक साधेसुधे आहे. मात्र ही दोन्ही नीट चालवायची तर स्वतःचा सर्व्हर पाहिजे किंवा कोणाला तरी थोडे पैसे देऊन त्याच्याकडे ठेवायला पाहिजेत. “सर्व्हर म्हणजे म्हैस,” मी पुतणीला म्हटले. “दूध घरचं, पण रोज चारा-पाणी आलं.” ती म्हणाली, “म्हणून तर लोक पिशवीचं दूध घेतात, काका.”

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही लपवत नाही. ओपन सोर्स म्हणजे अमरपट्टा नव्हे. ऑम्निव्होर नावाचे लेख साठवण्याचे ॲप चांगले खुले होते. त्याची माणसे दुसऱ्या कंपनीत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची सेवा बंद झाली. ज्यांनी आपले सामान वेळेत उचलले नाही त्यांचे गेले. कृती मात्र अजून सर्वांसमोर आहे. कोणालाही ते आपल्या घरी चालवता येते. म्हणजे कृती खुली असली तरी डबा दुसऱ्याच्या घरी ठेवून झोपू नये. उलट त्या नेटस्केपचे पाहा. कंपनी कधीच संपली. पण तिने बुकमार्क ज्या साध्या फाइलीत ठेवले, त्याच धर्तीची फाइल आजचे ब्राउझर काढून देतात आणि परत घेतातही. दुकान गेले, माप राहिले. शेवटी टिकते ते माप.

तेव्हा आमच्या घरचा ठराव असा झाला. टिपणे जॉप्लिनमध्ये, पण दर अमावास्येला सगळी बाहेर काढून साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवायची. अमावास्या एवढ्यासाठी की ती कालनिर्णयवर लक्षात राहते. खुणा ब्राउझरमध्येच, त्यांचीही फाइल त्याच दिवशी. जो लेख फारच मोलाचा, तो अख्खा उतरवून घ्यायचा, कारण पत्ता लिहून ठेवला तरी घर जागेवर असेलच असे नाही. आणि मराठी लिहायची ती युनिकोडातच. कांगारू पाळायचा की नाही हे पुतणीची परीक्षा झाल्यावर बघू.

राहिल्या आत्याबाईंच्या ओव्या. तो बिघडलेला मजकूर पुतणी दोन रात्री निरखत बसली. कोणत्या फाँटाचा असावा हे तिने चिन्हांवरून ओळखले, आणि त्या फाँटाचे अक्षरामागून अक्षर युनिकोडात बदलणारे साधन कोणा परोपकारी माणसाने नेटवर फुकट ठेवलेले तिला सापडले. कोण तो, कुठला, आम्हाला माहीत नाही. महंतांनी संशोधकांना तक्ता द्यावा तसा त्याने आम्हाला दिला. पडद्यावर आधी वेलांट्या चुकीच्या अक्षरांवर बसल्या, रफार भलतीकडे उडाले. पण पहिल्या ओळीत ‘अनसिंग’ हा शब्द नीट उमटला आणि वहिनी चहाचा कप तसाच धरून उभ्या राहिल्या. चार-पाच पाने तेवढी कायमची गेली. बाकीच्या आल्या. मी त्यांच्या तीन छापील प्रती काढल्या. एक इथे, एक पुण्याला, एक नागपूरला चुलत बहिणीकडे. काबूलपर्यंत आमची पोच नाही.

मी मोठ्याने वाचायला लागलो. वहिनींनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, “असं नाही म्हणत जी. वाचून राह्यले का म्हणून राह्यले?” चाल त्या फाइलीत नव्हती, वहीतही नव्हती. वहिनी नव्या सून म्हणून आल्या तेव्हा आत्याबाईंच्या समोरचा खुंटा धरून दळत. त्यांनी पदर खोचला, हात जात्यावर असल्यासारखा फिरवला आणि पहिली ओवी म्हटली. पुतणीने मोबाइल समोर धरला होता. दुसऱ्या ओवीला तिने तो बाजूला ठेवला आणि त्यांच्या मागोमाग म्हणायला लागली.